कॅप्टनचं नाक

कॅटबर्ड क्रीक, टेनेसी
मे लागायच्या आतला मंगळवार

तीर्थरूप रॉयसदादा यांस,

फर्नचा नमस्कार. ('तीर्थरूप' लिहिलंय खरं, पण गेल्या वर्षी भर पंगतीत वेंडेलकाकांच्या ताटात बटाट्याच्या सॅलडचा डाव तू ज्या रीतीने आपटलास, ती काही तीर्थाची लक्षणं नव्हेत. सॅलड मी केलं होतं.) इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? मॅबेलवहिनींचा खोकला गेला का? इंडियानात अजून गारठा आहे असं ऐकलं. तुमचा मुलूखच पोळपाटासारखा, वाऱ्याला अडवणार कोण? आम्हाला निदान चारी बाजूंनी डोंगर आहेत, त्यामुळे इथे वाराही येत नाही आणि शहाणपणही.

पत्र लिहायला कारण की, लाळेचा निकाल आला. घाई करू नकोस, सांगते. कुळमंडळाची चिटणीस मी आहे (मला कोणी निवडलं नाही, बाकीचे सगळे ओव्हनमधले सफरचंदाचे पाय आणायला उठले होते तेव्हा मी खुर्चीत बसलेली सापडले), तेव्हा निकाल माझ्याकडे आला, फक्त माझ्याकडे, आणि तो कसा सांगायचा हेही मीच ठरवणार. शिवाय तुझी पत्रं वहिनी मोठ्याने वाचतात हे मला ठाऊक आहे. त्या बिचारीला लग्न झाल्यापासून हा तंटा कोणी नीट समजावूनच सांगितलेला नाही, नुसतं 'तुला नाही कळायचं' म्हणून गप्प बसवलंय. म्हणून वहिनी, हे पुढचं तुमच्यासाठी.

आपला मूळपुरुष ओबडाया टर्नबो. इंग्लंडच्या राजाने डोंगरापलीकडे वस्ती करायची नाही असा हुकूम काढला आणि हा गृहस्थ कुऱ्हाड, बंदूक आणि दुसऱ्याचा घोडा घेऊन नेमका डोंगरापलीकडे आला. इथे त्याने झाडं तोडली, ओंडक्यांचं घर बांधलं, ढीगभर मुलं केली आणि आपला बाप कोण हे न सांगता मेला. आई कोण ते ठाऊक आहे: व्हर्जिनियात कॅप्टन ॲम्ब्रोज टर्नबोच्या मुदपाकखान्यात करारावर राबणारी केझाया. तिच्याबद्दल वाद नाही, म्हणून तिच्यात कोणाला रसही नाही. वाद बापाचा. वेंडेलकाका आणि त्यांचे कॅप्टनवाले म्हणतात, बाप खुद्द कॅप्टन; चांदीच्या बटणांचा कोट, केसांचा टोप, तंबाखूचे मळे. (मळ्यात घाम कोण गाळत होतं आणि कोणाच्या चाबकाखाली, हे काका भाषणात सांगत नाहीत. बटणं मात्र मोजून सांगतात.) रॉयसदादा आणि त्याचे मेंढीवाले म्हणतात, बाप म्हणजे नेड, मेंढी चोरली म्हणून इंग्लंडातून जहाजात घालून पाठवलेला कैदी, आडनाव मालकाचं लावलं इतकंच. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आपल्यात ऋषी एकही झाला नाही, म्हणून कदाचित आपल्याला धीर आला असेल.

आता पुरावा. आपल्या लोकांची जुनी रीत अशी की थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. ओबडायाचा थोरला ॲम्ब्रोज. झालं, कॅप्टनवाल्यांनी ढोल बडवले. पण दुसरा नेड. मग मेंढीवाले म्हणतात की थोरल्याचं नाव जमिनीचा तुकडा मिळावा म्हणून मालकाला लावलेलं लोणी, खरा आजा दुसऱ्यात आला. त्यावर काका म्हणतात, नेड हे सासऱ्याचं नाव असणार. सासऱ्याचं नाव कोणालाही ठाऊक नाही, तेव्हा तेही खोडता येत नाही. वेंडेलकाका थोरल्या ॲम्ब्रोजच्या वंशातले, रॉयसदादा धाकट्या नेडच्या. ह्या एवढ्या भांडवलावर दोन्ही घरं इतकी वर्षं एकमेकांच्या लग्नांत मागच्या बाकावर बसत आली आहेत.

कॅप्टनचं चित्र तर वहिनींनी पाहिलंच असेल, शाळेच्या सभागृहात जे काका दरवर्षी झाकून आणतात आणि प्रार्थनेनंतर उघडतात. त्याची हकीकत ऐका. कॅप्टनचं चित्र जगात कुठेच नव्हतं. काकांनी एक चितारी बोलावला आणि स्वतः टोप घालून, ओपलकाकूंच्या पडद्याचा गळपट्टा करून त्याच्यासमोर बसले. आणि ते चित्र पुरं झाल्यावर, दादा, हा माणूस त्याच्याशेजारी उभा राहून लोकांना सांगायला लागला की नाक बघा, नाक हुबेहूब उतरलंय. ओपलकाकू असेपर्यंत त्या निदान मागून हळूच म्हणायच्या, "वेंडेल, तो पडदा माझा आहे." त्या गेल्यापासून तेही म्हणणारं कोणी राहिलं नाही.

तर सॅलडचा प्रकार झाल्यावर तुम्ही दोघांनी ओबडायाच्या थडग्यावर हात ठेवून ठरवलंत की आता लाळेतला डीएनए काय ते सांगेल. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तुझी लाळ तू पोस्टाने पाठवलीस, डबीवर मेंढीचं चित्र काढून. (प्रयोगशाळेने ही लाळ नक्की माणसाची ना, असं विचारलं होतं.) काकांची लाळ मिळवणं हे मात्र वेगळंच लग्नकार्य होतं. अर्धा तास आधी तोंडात काही घालायचं नाही अशी अट. या माणसाच्या गालात तंबाखू नाही असा अर्धा तास मी जन्मात पाहिलेला नाही. शेवटी चर्चला जायचा सूट चढवून, केस चापून, कॅप्टनच्या चित्रासमोर ताठ उभं राहून त्यांनी लाळ दिली आणि डबी माझ्या हातात देताना म्हणाले, "सांभाळून ने. चांगल्या घरची आहे."

तिसरी लाळ व्हर्जिनियातल्या पेटन टर्नबोंची. हे दातांचे डॉक्टर, कॅप्टनच्या कबूल केलेल्या मुलाच्या थेट वंशातले. मी त्यांना फार गोड पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की लाळ देतो, पण आपल्यापैकी कोणीही कधीही भेटायला यायचं नाही. थोर घराणं असल्याचा याहून मोठा पुरावा मला तरी नको होता. काकांना मात्र गहिवरून आलं. म्हणाले, अगदी कॅप्टनच बोलतोय.

आता निकाल. दादा, बस. वहिनी, त्याला बसवा. तुझी लाळ आणि पेटनसाहेबांची लाळ एक निघाली. ओबडाया कॅप्टनचाच मुलगा. मेंढीवाल्यांचा पुढारी, जो गेली चाळीस वर्षं टोपीला लोकरीचा झुबका लावून आपल्या थडग्यांच्या टेकडीवर येतो, तो कॅप्टनचा थेट वंशज. अभिनंदन. चांदीची बटणं कुठे मिळतात ते काकांना ठाऊक आहे.

आणि वेंडेलकाकांची लाळ कोणाशीच जुळत नाही. ना पेटनशी, ना तुझ्याशी. मला वाटलं डब्यांची अदलाबदल झाली, म्हणून नंतर केक देईन असं आमिष दाखवून त्यांची लाळ पुन्हा घेतली (घशाची तपासणी आहे असं सांगितलं). तेच आलं. थोरल्या ॲम्ब्रोजपासून काकांपर्यंत येताना मधे कुठल्या तरी पिढीत कोणी तरी कुंपणावरून आलं. कधी, ते लाळ सांगत नाही. मी काकांच्या भावाची मुलगी, म्हणजे मीही त्याच कुंपणाची. आमचं टर्नबोपण हे निव्वळ सवयीचं निघालं. गंमत म्हणून सांगते, मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

असो. थोरांस नमस्कार, धाकट्यांस पापा, मेंढ्यांस चारा.

तुझी (आता नक्की कोण ते ठाऊक नाही, पण तुझीच)
फर्न

ता. क. : थडगी सजवायच्या रविवारी येताना वहिनींना त्यांची मोठी पायची भांडी आणायला सांग. माती ओढायला फावडी आहेत, फुलंही इथे मिळतील. सॅलड या वर्षी मी करणार नाही.

ता. क. दुसरा : वरचं सगळं चेष्टेवारी लिहिलं, पण पत्र लिहायचं खरं कारण हे आहे. टेकडीचा नियम तुला ठाऊक आहे: ओबडायाचं रक्त किंवा त्या रक्ताशी लग्न केलेलं माणूस, एवढ्यांनाच तिथे जागा. ओपलकाकू तिथे आहेत. त्यांच्या दगडावर शेजारी काकांचंही नाव कोरून झालंय, जन्माचं साल, पुढे रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा. रोज संध्याकाळी जाऊन ते त्या कोऱ्या जागेवरची धूळ रुमालाने पुसतात. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल जे मला सांगितलंय त्यावरून ती जागा फार दिवस कोरी राहणार नाही. आणि टेकडीच्या पंचांत शेवटचा शब्द तुझा.

मला हेही ठाऊक आहे की मी कोणाकडे काय मागते आहे. हा नियम करून घेतला काकांनीच, क्लीट वारले त्या वर्षी. क्लीट तुझे सावत्र वडील. तुला त्यांनी वाढवलं, तुझे बूट शिवले, तुझ्या बॉलच्या खेळाला पावसात उभे राहिले. आणि काका सभेत उठून म्हणाले की माणूस भला होता, पण रक्त नाही. म्हणून क्लीट रस्त्यापलीकडे बाप्टिस्टांच्या चर्चच्या आवारात एकटे पडलेत, आणि तुझी आई इकडे टेकडीवर. तू त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीस. त्याऐवजी मेंढीची टोपी घालून आलास आणि तेव्हापासून काढली नाहीस. हे सगळं मला कळतं रे.

तरीही मागते. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी सगळ्यांसमोर उभा राहा, 'बाप कॅप्टनच, मी हरलो' एवढं काकांना म्हण, आणि खाली बस. खोटं एक अक्षर नाही त्यात, फक्त अर्धं आहे. एरवी नियमाने चालायचं तर थोरल्या शाखेतल्या माणसांना उठवून रस्त्यापलीकडे न्यावं लागेल, म्हणजे टेकडी निम्मी रिकामी होईल आणि बाप्टिस्ट घाबरतील.

ता. क. तिसरा (गुरुवार, तिकिटं संपली होती म्हणून पाकीट तसंच पडलं होतं) : दादा, दुसरा ता. क. वाया गेला. आज सकाळी काका स्वयंपाकघरात आले, टेबलावरचा पीचचा पाय पाहिला आणि म्हणाले, "पोरी, तू मला रोज पाय करून घालतेयस. एक तर मी मरायला टेकलोय, नाही तर कॅप्टन गेला. यातलं काय ते सांग." मला खोटं बोलता आलं नाही. सांगितलं सगळं.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग विचारलं, "रॉयसचं जुळलं?" मी म्हटलं, हो. "व्हर्जिनियावाल्याशी?" हो. तर खुर्चीत ताठ बसून म्हणतात, "म्हणजे माझंच बरोबर होतं." पडलं तरी नाक वर. मी हसू की रडू ते कळेना, म्हणून भांडी घासायला घेतली.

मग गवत कापायचं यंत्र घेऊन बाहेर पडले. मी खिडकीतून बघत होते. सगळी टेकडी कापली, ओपलकाकूंच्या दगडाभोवती हाताने. मग यंत्र ढकलत रस्ता ओलांडला आणि बाप्टिस्टांच्या आवारात क्लीटच्या थडग्याभोवतीचं कापलं. तिथे यंत्र बंद करून टोपी काढून उभे राहिले. इतका वेळ, की मी पाणी घेऊन निघालेच होते.

परत आल्यावर म्हणाले, रॉयसला लिही. क्लीटला वर आणायचा तर खणायला पैसे मी देतो, रविवारी नियम मोडायचा ठराव मीच मांडतो, चुकलं माझं. त्याने क्लीटला आणलं तर मग माझ्या जागेचंही विचार त्याला. पण आधी क्लीट. क्रम चुकवू नकोस, म्हणाले.

आणि कॅप्टनचं चित्र आता तुझं. चौकट जड आहे, तेव्हा ट्रक घेऊन ये. दिवाणखान्यात लावायचं, शाळेत नाही. फक्त काकांचा एक निरोप आहे: कोणी विचारलंच, तर नाक वेंडेलचं आहे आणि पडदा ओपलचा, असं सांगायचं.