पैलवानाचा रुमाल

८ नोव्हेंबर १९४५
आजपासून रोजनिशी. निजामाच्या सरकारी कागदावर फसली तारीख, घरात तिथी. मी मात्र इंग्रजी तारीख लिहिणार. सोलापुरात मशीन शिकलेल्या टेलरला तेच शोभतं. ही वही कुणी वाचणार नाही. म्हणून खरं तेवढंच लिहिणार.

नीलम्मा दिवाळीला उमरग्याहून आली ती परत जाणार नाही म्हणते. नवरा मारतो म्हणते. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि आता हे. जावई सिद्धेश्वर शांत माणूस आहे. बूट घालतो. दर सोमवारी मठात जातो. जत्रा झाली की उमरग्याला जाऊन एका बैठकीत मिटवून टाकीन. माणसं समजावण्याची मला हातोटी आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हिंमतराव पैलवानावर त्याच्या बायकोनं पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांकडं फिर्याद केली. त्यानं हात मोडला म्हणे; पैलवान म्हणतो, पडली. सारजाबाई नाव. तामलवाडीला भावाकडं जाऊन बसली आहे. हैदराबादचा मल्ल ज्यानं अकरा मिनिटांत चीत केला, त्याच्यावर ही वेळ. संतापानं जेवलो नाही. नंतर दोनच भाकरी खाल्ल्या.

११ नोव्हेंबर, सकाळी
कल्पना सुचली. रुमाल! जत्रेत कुस्तीच्या फडाभोवती बसणाऱ्या प्रत्येक शौकिनाच्या गळ्यात पैलवानाच्या बाजूचा रुमाल. लढाईपासून कापडावर सरकारी कंट्रोल आहे, उरलेल्या तुकड्यांवर नाही, आणि मांजरपाटाचे तुकडे माझ्याकडं पोतंभर आहेत. वरच्या टोकाशी ‘खरा पैलवान’, खालच्या टोकाशी ‘खोटी बाई’. लाल अक्षरं. डिझाईन माझं.

हा धंदा नव्हे. ही न्यायाची बाजू आहे. धंदा झाला तर तो वेगळा.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी
शेजारची खातूनबी कापड रंगवते, ठशांनी छापते. सॅम्पल दाखवलं. तिनं हात पुसून वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, “फुलां बोलो, कैऱ्या बोलो, छापती. ये नै छापती, मास्टर.” कारण विचारलं तर पाण्याला गेली. बाईमाणसाला तत्त्व कळत नाही. सुताराकडून ठसा कोरून घेणार. स्वतः छापणार.

१७ नोव्हेंबर
छापलं. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. चन्नम्मा म्हणाली, कुणाचा खून करून आल्यासारखे दिसता. बायकोला विनोद करायला हीच वेळ सापडली. उद्यापासून राग आवरणार.

२० नोव्हेंबर
राग आवरला नाही. नीलम्माला रुमालाच्या कडा दुमडायला बसवलं. हात चांगला आहे, टाका बारीक. पण मी डाव्या बाजूनं काही सांगितलं की उत्तरच देत नाही. सासरी जाऊन उद्धट झाली. तीनदा हाक मारली, चौथ्यांदा ओरडलो. तेव्हा चन्नम्मा मधे आली. म्हणाली, त्या कानानं तिला ऐकू येत नाही. सिद्धेश्वरनं श्रावणात मारलं तेव्हापासून.

मळ असेल. कोमट तेल घालायला सांगितलं.

२१ नोव्हेंबर
तेल घातलं. फरक नाही. दोन-तीन दिवस लागतात.

२६ नोव्हेंबर
आज नीलम्मानं मशीन थांबवलं. अर्धा दुमडलेला रुमाल हातात धरून विचारलं, “अप्पा, ही खोटी बाई कंची? ती का मी?”

मी शांतपणे समजावलं. तो विषय वेगळा, हा वेगळा. तिथं एका कीर्तिमान पुरुषाची बदनामी आहे, इथं घरगुती कुरबूर आहे. त्या बाईला ओळखता का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, पैलवानाला ओळखतो. म्हणजे चार वेळा पाहिलं आहे. एकदा अगदी जवळून.

ती उठून गेली. उरलेल्या कडा मीच दुमडल्या. टाके वाकडे आले. मशीनच्या सुईचा दोष.

१० डिसेंबर, अणदूरची जत्रा
सगळे रुमाल गेले. खंडोबाची कृपा.

पैलवानासाठी खास रेशमी तयार केला होता. फडाच्या कडेला गर्दीत घुसून हातात दिला. त्यानं मान पुसली, काखा पुसल्या, रुमाल मातीत टाकला आणि बाजूच्या माणसाला माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, हे कोण. थोर माणसाला इतकी नावं कशी लक्षात राहणार.

एक गोष्ट मात्र खटकली. मी डिझाईन टेबलावर पसरून केलं होतं. लोक रुमाल तिरका दुमडून मागं त्रिकोण सोडून बांधतात. तसा बांधला की वरचं टोक आत जातं आणि पाठीवर दिसतं फक्त ‘खोटी बाई’. उलटा बांधावा तर ‘खरा पैलवान’ ही अक्षरं उलटी होऊन पैलवान डोक्यावर उभा राहतो, आणि ते कुणालाच चालत नाही. त्यामुळं अख्ख्या जत्रेत पाठीपाठीवर ‘खोटी बाई’. पैलवान कुठंच नाही. बांगड्यांच्या दुकानापुढं बायका उभ्या होत्या, त्यांच्याकडं गडी मुद्दाम पाठ करून उभे राहत होते आणि हसत होते.

एका म्हातारीनं मला विचारलं, बाबा, कंच्या बाईचं लिवलंय. सांगितलं. ती म्हणाली, तसं कुटं लिवलंय?

अडाणी.

सिद्धेश्वरही आला होता, चार मित्रांना घेऊन. पाच रुमाल घेतले. घरी आला नाही, नीलम्माची चौकशी केली नाही. पण सासऱ्याच्या कामाचा अभिमान दिसला. नातं शाबूत आहे.

१३ डिसेंबर
उमरग्याच्या मठात मंगळवारी पंच बसणार. मी तीन मुद्दे काढले आहेत. एक, कान. दोन, जावयानं सर्वांसमोर माफी मागावी. तीन, पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून द्यावं. त्यावाचून मुलगी पाठवणार नाही. चन्नम्माला वाचून दाखवलं. तिनं पहिल्यांदा नीट ऐकलं. नीलम्मानं उजवा कान माझ्याकडं केला होता.

तेल बंद केलं आहे.

१८ डिसेंबर, उमरगा
मठात शिरलो तर जावयाकडचे सगळे ओळीनं माझ्याकडं पाठ करून बसलेले. पाच माणसं. पाच रुमाल. टाके वाकडे होते, म्हणजे माझेच.

मी पहिला मुद्दा मांडला. थोरल्या पंचांनी ऐकून घेतलं आणि सिद्धेश्वरला विचारलं, काय म्हणणं आहे. त्यानं गळ्यातला रुमाल सोडून पंचांपुढं पसरला.

“मामांनीच शिवलाय,” तो म्हणाला. “आमी निस्ता बांधलाय.”

पंचांनी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. फिर्यादीची बातमी उमरग्यातही पोचली होती; मला विचारलं, ही सारजाबाई खोटी कशावरून. मी म्हणालो, पैलवानाची कीर्ती मोठी आहे. ते म्हणाले, सिद्धेश्वरचं नाव या गावात काय लहान आहे? मठाच्या छपराला पत्रे त्यानंच दिले. मी म्हणालो, माझ्या मुलीचं वेगळं आहे, तिचा कान मी पाहिला आहे. ते म्हणाले, तामलवाडीचा हात बघाया गेला होता का.

मी गेलो नव्हतो.

लोक हसले. फार मोठ्यानं नाही. नीलम्मा बायकांत बसली होती. तिच्याकडं पाहिलं नाही.

ठरलं ते असं : मुलगी पंधरा दिवसांत नांदायला पाठवावी. कागद पुढं आला. तीन मुद्द्यांचा माझा कागद खिशातच होता. मी सही केली. का केली ते उद्या सविस्तर लिहीन. तिथं सगळे बघत होते.

१९ डिसेंबर
पंचांचा राग येतो. सिद्धेश्वरचा येतो. पैलवानाचा आज पहिल्यांदा आला.

सहीबद्दल लिहिलं नाही.

२१ डिसेंबर
नीलम्मा घरात नाही. चन्नम्माला विचारलं तर ती भाकरी थापत राहिली. खातूनबीकडं गेलो. तिनं दारातच सांगितलं, मीच सोडून आले तामलवाडीला, सारजाबाईकडं. तिच्या भावाचा मिरचीचा मळा आहे, दोघी तिथं काम करतील. मी म्हणालो, मला न विचारता? ती म्हणाली, तुम्हाला उमरग्यात सगळ्यांनी विचारलं की.

ठसा चुलीत घातला. चन्नम्मानं त्यावर पाणी तापवलं.

२७ डिसेंबर, तामलवाडी
मोटारीनं आलो. वाटेत वाक्यं जुळवली. नीलम्मासाठी दोन, सारजाबाईसाठी तीन. तिच्यासाठीचं पहिलं वाक्य होतं, मी चुकलो.

नीलम्मा ओसरीवर मिरच्या निवडत होती. मला पाहून उठली, तांब्याभर पाणी आणून दिलं. आतल्या अंधारात सारजाबाई बसलेली दिसली. उजवा हात कोपरापासून बाहेर वळलेला. डाव्या हातानं पोत्याचं तोंड बांधायला बघत होती, गाठ बसत नव्हती. असा हात पडून मोडत नाही. मी कापड मापणारा माणूस आहे, वळण मला कळतं.

आतून तिनं विचारलं, कोण आलंय गं.

नीलम्मा माझ्याकडं बघून म्हणाली, “कुणी न्हाय, अक्का. अणदूरचे टेलर हायेत.”

मग सारजाबाई म्हणाली, आपल्याला काय शिवायचं न्हाय म्हणावं.

मी बरं म्हणालो.