नानांची धुतलेली चादर

सोमवार, संक्रांतीनंतरचा

आज काकूंनी आपल्या दिवंगत यजमानांच्या, नानांच्या वस्तू ग्रंथालयात आणून दिल्या. एवढा मोठा नाटककार आमच्या सोलापूरचा. नानांचं दालन मांडायचं काम माझ्याकडे आलंय. चष्मा आला, तपकिरीची पितळी डबी आली, तालमीतली घंटाही आली. पण मी वाट बघत होते ती चादरीची. ती पांघरूनच नाना पहाटे लिहायला बसायचे. शाईचे डाग, तपकिरीचा वास, सगळं तिच्यात असणार होतं.

पिशवीतून निघाली ती स्वच्छ धुतलेली, इस्त्रीची घडी घातलेली चादर.

"काकू, धुतली होय?"

"मग? दुसऱ्याला देताना मळकं कापड देतात का कुणी? डाग लई चिवट होते. दोनदा भिजवून घासली."

आतून चिडलेच होते. आता पाटीवर लिहायचं तरी काय, ही चादर त्यांची होती एवढंच?

कपाटात ठेवायला घेतली तर म्हणाल्या, "जरा थांब." चादर हातात घेऊन त्यांनी तोंडाशी धरली. दोनदा खोल श्वास घेतला.

"साबणाचाच वास येतोय गं," म्हणाल्या. "धुताना हे डोक्यातच आलं नाही बघ."

तपकिरीचा वास तरी मिळेल म्हणून मी डबी उघडून त्यांच्यापुढे धरली.

तीही आतून घासून लख्ख केलेली होती.