कुणाचंही ऐकणारी मिनीबस

एल आल्तो, सोमवार

तीर्थस्वरूप सातुर्निना मावशीस, पोलिकार्पोचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? ओरुरोच्या थंडीत पाय शेकतेस ना, की अजून बाजारात उघड्यावर कांदे विकत बसतेस? (बसतच असशील. ऐकशील तर मावशी कसली.) मी खुशाल आहे. म्हणजे काल दुपारी नव्हतो, तेच सांगायला बसलोय.

निल्दा तुला ठाऊकच आहे. तिच्याशी लग्न करायचं म्हणून मी वर्षभर तिच्या वडिलांच्या, फाउस्तोकाकांच्या, मागेमागे फिरतोय आणि ते मला चोर समजतात. त्यांची तरी काय चूक? गाडीत बाहेरून कसं घुसता येतं ते शोधायचं आणि चोरांच्या आधी मालकाला सांगायचं, ही माझी नोकरी. काका म्हणतात, "हा पगार घेऊन चोऱ्या करतो, एवढाच काय तो फरक!"

काल त्यांच्या नव्या मिनीबसला आशीर्वाद घ्यायला आम्ही कोपाकबानाला गेलो. देवळासमोर फुलांनी सजलेल्या गाड्यांची ही भलीमोठी रांग! काका गर्दीला ऐकवत होते, की या गाडीला परका हात लागणं शक्यच नाही. मला राहवलं नाही. पुढच्या दिव्यामागच्या वायरीला माझं यंत्र जोडलं, आणि खटाक्, दारं उघडी. काका पांढरेफटक. मी समजावलं, की गाडीच्या पोटात छोटे छोटे कॉम्प्युटर असतात, सगळे एकाच तारेवर बोलतात, आणि बोलतंय कोण हे कुणी विचारतच नाही. "मी किल्ली बोलतेय, दार उघडा," असं कुणीही म्हणावं आणि यांनी उघडावं. (अगदी तुझ्यासारखं, मावशी. "मी तुमच्या भावाचा मित्र" म्हणत येईल त्याला तू जेवायला वाढतेस.)

काका कडाडले, "मग आत्ताच्या आत्ता बंदोबस्त कर! नाहीतर निल्दाचं नाव काढायचं नाही!"

पाद्रीबाबा जवळ येऊन ठेपले होते. मी घाईघाईत खिशातला राखणदार काढून स्टिअरिंगखाली त्या तारेवर बसवला. (राखणदार म्हणजे काडेपेटीएवढी डबी, खोटी हाक आली की अडवते.) पवित्र पाणी शिंपडून झालं, आणि मग आपला नेहमीचा थाट: कागदाच्या टिकल्या, फटाके, आणि धरणीमाय पाचामामाच्या नावानं बिअर. चाकांवर ओतून थांबावं की नाही? काकांनी बॉनेट उघडून आत बाटली उपडी केली, स्टिअरिंगखालीही सढळ हातानं शिंपडली. मग ऐटीत आत बसले, दार लावलं, किल्ली फिरवली.

गाडी ढिम्म. दारं बंद, काचा बंद, हॉर्न मात्र आपणहून सुरू. मागचे लोक शिव्या घालताहेत, काका काचेवर मुठी आपटताहेत, आणि निल्दा पोट धरून हसत फुटपाथवर बसलेली. मी पुन्हा दिव्यामागून घुसायला गेलो, तर गाडी मला दाद देईना! मघाशी वाट्टेल त्याचं ऐकणारी ही बया आता सख्ख्या मालकालाही ओळखेना. किती वेळ झटलो, देव जाणे. मावशी, लग्न तर गेलंच, वर सासरा गुदमरायचा! काच फोडायला धोंडा उचलला, तेवढ्यात खटाक्, दारं उघडली.

काका उतरले. केसांत टिकल्या, मिशीला बिअर. म्हटलं, आता हा धोंडा माझ्याच डोक्यात. पण ते म्हणाले,

"स्वतः लावलेलं कुलूप तुला फोडता येईना?"

"नाही, काका."

"मग माझी पोरगी तुझ्या घरात नीट राहील. पाठव तुझी मोठी माणसं."

मी देवळासमोर रडलो, खोटं कशाला सांगू. तेव्हा येत्या रविवारी मागणी घालायला ये. आई गेल्यापासून माझं मोठं माणूस तूच.

तुझा,
पोली

ता. क. कोकाची पानं आणि बिअर आण, रीतच आहे. पण बिअर त्यांना घरातच पाज, अंगणात नको, तिथं मिनीबस उभी असते.

आणखी ता. क. आज सकाळी कोट झटकला तर खिशातून राखणदार पडला. काल बसवली ती गिऱ्हाइकांना दाखवायची रिकामी डबी. गाडी अडली काकांच्या बिअरनं, उघडली उन्हानं वाळून, आणि अजूनही कुणाचंही ऐकते. म्हणून मागणी घालताना घाई करू नकोस. आपल्या सगळ्या मेलेल्या नातेवाइकांच्या गोष्टी एकेक करून सांग. तेवढ्यात मी अंगणात खरी डबी बसवतो. स्टिअरिंगखाली अंधार असतो, टॉर्च निल्दा धरणार आहे. रिकामी डबी तिनं कालच ओळखली होती.