झडपेचा पाव फेरा

मी, अंतराळ पोशाखांच्या प्रयोगशाळेतली निवृत्त तंत्रज्ञ, वय एकाहत्तर, बुद्धी शाबूत, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दबाव टाकायला उरलंय तरी कोण!

१. माझी हत्यारपेटी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना. गंज चढू दिलात तर बघा. त्यातला सगळ्यात छोटा पाना मात्र कुणाला देऊ नये.

२. धाकट्या भावाला भिंतीवरचं घड्याळ. आईच्या आजारपणात त्याला वेळ नव्हता म्हणे. ज्याची विल्हेवाट लागणार नाही, ते कायद्याने त्याच्याचकडे जाईल, याचं मला दुःख आहे.

३. राहतं घर माझ्या दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकिलांनी बजावलंय. म्हणून तिची सही घेऊ नये.

४. कपाटातली निळी चाचणी-वही, माझ्या मरणानंतर, तिलाच.
पूर्वीचे पोशाख अंगाची उष्णता घालवायला पाण्याची वाफ करून बाहेर सोडत. गेलेलं पाणी परत कुठून आणणार? आम्ही पाठीवर एक पत्रा बसवला. उष्णता तोच बाहेर टाकी, पाणी फक्त अडीअडचणीला. वरिष्ठांसमोर बचतीचा आकडा चांगला दिसावा म्हणून मी राखीव पाण्याची झडप बाहेरून, त्या छोट्या पान्याने, पाव फेरा आवळली, पाणी जेमतेम सुटेल अशी. वहीत लिहिलं. तिच्या नवऱ्याला, माझ्या त्या सहकाऱ्याला, सांगितलं नाही. हवा काढून घेतलेल्या खोलीत, पोशाखात तो उभा होता. बोलण्याच्या तारेवरून म्हणाला, "ताई, पाणी सुरू केलंय, तरी पाठ भाजतेय."
"दोन मिनिटं कळ काढ रे, आकडा छान येतोय."
खोलीत हवा भरून दार उघडेपर्यंत अकरा मिनिटं गेली. तो गेला होता. चौकशीत ठरलं, पाणी सुरू करायला तोच विसरला. त्या कागदावर माझी सही आहे. एकोणीस वर्षं मी मूग गिळून बसले. तो पत्रा आज प्रत्येक पोशाखावर आहे आणि शोधाच्या पेटंटवर माझं एकटीचं नाव. मला माझीच किळस येते.

पुरवणी, त्याच सकाळी. शेजाऱ्यांची सही झाल्यावर न राहवून तिला बोलावलं आणि हे वाचायला दिलं. ती बसली नाही. उभ्याउभ्या दोनदा वाचलं.
"मेल्यावर सांगणार होतात?"
मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.
"घर घेतलं तर तुम्हाला वाटेल, फिटलं सगळं. दुसरी साक्षीदार म्हणून मीच सही करते."
"अगं, मग घर भावाकडे जाईल!"
"जाऊ दे. वही आत्ता काढा आणि चपला घाला. त्यांच्यावरचा ठपका तुम्ही जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने पुसायचा."
तेव्हा कलम तीन निष्फळ. कलम चार रद्द, वही तिच्या हातात आहे. ती दारात उभी आहे.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा
लिहून देणार: सही
साक्षीदार १: शेजारचे दंतवैद्य, सही
साक्षीदार २: मयत सहकाऱ्याची पत्नी, सही