चौकटीच्या कागदावरचा प्रश्न

सोमवार, ७ सप्टेंबर

दात! पहिलं भाषण दातांवर आणि माझीच दातखीळ बसली. सहावीचा वर्ग, एकोणीस पोरं, आणि शेवटच्या बाकावर दिग्नाबाई, आम्हा शिकाऊ स्वयंसेवकांना स्पॅनिश शिकवणाऱ्या, मांडीवर गुणांचा तक्ता घेऊन. "घासा" हा शब्द ऐनवेळी आठवेना. हातवारे केले. पोरं खो खो हसली. एक म्हणाला, "बाई, माशा हाकलताय का?"

आठवड्यात पाच भाषणं. शंभरात साठ पडले तर शनिवारी स्वयंसेवकाची शपथ आणि दोन वर्षं इथेच, पाराग्वायमध्ये. नाहीतर सरळ विमान, कॅन्सस, आणि आईचं "मी म्हटलंच होतं"!

घरी आल्यावर न्या सिन्फोने ('न्या' म्हणजे इथलं 'बाई') उकडलेला कसावा, इथला रोजचा कंद, पुढे केला. दहा आठवडे हिच्याच घरी राहतेय, तोंड पाहून हिला सगळं कळतं. "खा गं. इथली पोरं घरात ग्वारानीच बोलतात. स्पॅनिश त्यांना तरी कुठे धड येतं!"

मंगळवार, ८

हात धुणे. साबण चोरीला गेला.

बुधवार, ९

प्रथमोपचार. आज जमलं! पट्टी बांधून दाखवायला अरासेलीला पुढे बोलावलं. ही पोर यंदाच परत आलीय, इतकी वर्षं ब्युएनोस आयर्सला मावशीकडे शिकत होती. वर्गात स्पॅनिश स्वच्छ ते तिचंच. माझं वाक्य अडलं की हळूच शब्द पुरवते. वडील डॉन आतिलियो, पालक समितीचे अध्यक्ष. माझी खाट त्यांनीच दिली. पहिल्या दिवशी या गावात आले तीही त्यांच्याच मोटरसायकलवरून.

शेवटी प्रश्नपेटी ठेवली, चिठ्ठ्या घरून लिहून आणायच्या, उद्याचं भाषण म्हणजे त्यांचीच उत्तरं. बुटांचं खोकं, वर फट. नियम दिग्नाबाईंचा: चिठ्ठी आधी मोठ्याने पूर्ण वाचायची, मग उत्तर. "नाव लिहू नका. कोणालाही कळणार नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळेल." हे मी तीनदा सांगितलं. तीनदा!

गुरुवार, १०

लिहून टाकते.

पहिल्या चिठ्ठ्या मजेच्या. कलिंगड खाऊन वर तेरेरे (इथला पाल्याचा गार चहा) प्यायलं तर माणूस मरतं का? तुम्हाला नवरा का नाही? चौथी चौकटीच्या कागदावर, सुरेख अक्षरात. म्हटलं, ही न अडखळता वाचायची, दिग्नाबाईंना ऐकू दे! मोठ्याने वाचताना मी अर्थाकडे बघतच नाही, नुसते उच्चार सांभाळते. अर्थ मागून येतो, लंगडत.

"डोक्यावर मारल्यावर माणूस दुपारपासून संध्याकाळपर्यंत उठलं नाही, आणि उठल्यावर एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर ते परत दिसतं का?"

शेवटच्या शब्दाला कळलं. मग एकेक मान अरासेलीकडे वळली. चौकटीची वही अख्ख्या गावात एकच, तिने ब्युएनोस आयर्सहून आणलेली. मी सोडून सगळ्यांना ठाऊक! ती बाकाकडे बघत बसली.

आणि मी काय केलं? चिठ्ठी पालथी ठेवली, पुढची उचलली. विंचू चावल्यावर काय करावं यावर दहा मिनिटं बोलले.

बाहेर दिग्नाबाई म्हणाल्या, "वाचन उत्तम. ऐंशी देते." मग आवाज उतरवून, "त्या चिठ्ठीचं मी आपल्या संस्थेच्या कार्यालयाला कळवते. तू शिकाऊ आहेस, मध्ये पडू नकोस." मला हायसं वाटलं. हेही लिहायला हवं. हायसं वाटलं!

न्या सिन्फोला सांगितलं. ती कसावा सोलत होती, मान वर केली नाही. "निमियाचं होय?" निमिया म्हणजे अरासेलीची आई. म्हणजे हिला माहीत होतं! "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. तू ती भर वर्गात उघडलीस."

शुक्रवार, ११

अरासेली शाळेत नाही. पाचवं भाषण झालं. विषय डास.

दुपारी डॉन आतिलियो आले. टोपी काढून अंगणात बसले, नेहमीसारखे. तेरेरेचा पेला फिरू लागला, एकाच नळीने सगळे. "पोरगी टीव्ही फार बघते हो, बाई. काहीबाही लिहिते. आज पहाटेच्या बसने मावशीकडे धाडली. तिथेच शिकू दे."

"आणि न्या निमिया?"

"मजेत! तिला काय धाड भरलीय?"

पेला माझ्यापुढे केला. इथे नको असेल तर पेला परत देताना "आभारी आहे" म्हणायचं, की फेरीतून सुटका. तेवढे दोन शब्द तोंडातून फुटले नाहीत. प्यायले. आणखी तीनदा प्यायले. त्यांच्या विनोदाला हसलेसुद्धा. स्वतःची किळस येते.

दिग्नाबाईंचा निरोप: कार्यालय म्हणतं, शपथविधी होऊ दे, मग बघू.

शनिवार, १२

शपथ घेतली. पालकांच्या वतीने डॉन आतिलियो बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

रविवार, १३

पुरुष सगळे फुटबॉलला. न्या सिन्फोने कसाव्याची टोपली उचलली आणि "चल" एवढंच म्हणाली.

निमियाने दार उघडलं. डावा डोळा उघडा होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. मी माफी मागू लागले. पोरीने विश्वासाने लिहिलं आणि मी... तिने हाताने थांबवलं. ती ग्वारानीत बोलत गेली, न्या सिन्फो स्पॅनिशमध्ये सांगत गेली.

"पोरीने नाही विचारलं. मला लिहिता येत नाही, म्हणून तिच्याकडून लिहून घेतलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळेल असं तुम्ही म्हणाला होतात ना, बाई? चार दिवस झाले. सांगा की, परत दिसतं का?"