चष्मेवाल्यांच्या घराचा ताबा

४ फेब्रुवारी, मंगळवार

हसत होती दोघं! घराचा कोळसा झालाय, पायाखाली काळा चिखल, आणि नवरा-बायको हसताहेत!

काल दुपारची आग. खाली चष्म्यांचं दुकान, वर त्यांचं राहतं घर. दुकानातल्या वायरिंगने पेट घेतला आणि धूर-ज्वाळा जिन्याने वर चढल्या. जीवितहानी नाही, हे नशीब. आज सकाळी पाहणीला गेलो तर दोघं आमच्या अग्निशमन दलाच्या लाल-पांढऱ्या पट्टीबाहेर येऊन उभी. म्हटलं, चला, दुकानाच्या दारापर्यंत या, पुढे नाही. आत काचेच्या कपाटात सगळ्या फ्रेमी वितळून एकमेकींना चिकटल्यात. चष्मेवाल्याने त्यातली एक वेडीवाकडी फ्रेम ओढून काढली, नाकावर चढवली आणि बायकोकडे बघून म्हणाला, "आत्ता दिसलीस नीट!" तिने आधी पदर तोंडाला लावला. मग खांदे हलायला लागले. मग काय, दोघं खो-खो!

तरुण असती तर समजू शकलो असतो. आमच्याच वयाची आहेत. त्याला टक्कल, तिला गुडघ्याचा त्रास.

जळक्या घरापुढे रडणारे पाहिले, मूर्च्छा येऊन पडणारे पाहिले, "तू गॅस चालू ठेवलास" म्हणून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे पाहिले. हसणारे हे पहिले. वाईट वाटायला हवं होतं मला. त्याऐवजी पोटात काहीतरी दुखलं. इथे कोण वाचतंय? लिहूनच टाकतो — हेवा वाटला. जळक्या घराच्या मालकाचा हेवा!

घरी आलो. ही टीव्हीसमोर. "वाढू?" म्हणाली. "हं," म्हटलं. झालं, संपला आमचा संवाद. आमच्या घराच्या भिंतीला साधा पोपडा नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ताबा द्यायला हवा होता.

आमच्या कामातला हा शेवटचा भाग. आग विझली म्हणून मालकाला लगेच घरात सोडत नाही आम्ही. वीज तोडलीय का, सिलिंडर बाहेर काढलेत का, छत धरून आहे का, कुठे आत धुमसतंय का, सगळं बघायचं. भिंतीला हाताची उलटी बाजू लावायची. ती थंड लागली की मालकाला बोलवायचं, घरभर फिरवायचं, कुठे पाय द्यायचा नाही ते दाखवायचं, आणि मग किल्ली त्याच्या हातात. त्यानंतर घर त्याचं. आम्ही तिथले कुणी नाही.

लावला हात. भिंत थंडगार.

बाहेर आलो तर दोघं डोळे लावून बसलेली. आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून गरम आहे. थोडं थांबावं लागेल."

का म्हणालो? किल्ली दिली की तिथे जायला कारण उरत नाही, म्हणून. दुसरं काय!

चष्मेवाला सध्या मित्राच्या खोलीवर आहे. ती बहिणीकडे. बहिणीचं घर एवढंसं, दोघांची सोय होत नाही. ती म्हणाली, "साहेब, लग्नानंतर पहिल्यांदाच वेगळं राहतोय हो." मी मान डोलावली. मनात म्हटलं, राहा की! जरा कळू दे इतरांचं कसं चालतं ते. — काय हा हलकटपणा! पण आला मनात, तर लिहिला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी होती. तरी गेलो. जिना पाहायचाय म्हणून सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

हिने विचारलं, "काल तर सुट्टी होती. शर्टाला धुराचा वास कसा?"

"काम होतं."

"कसलं?"

"कामाचंच."

शर्ट पुन्हा नाकाशी नेला. मग नळाचं काढलं. बाथरूमचा नळ गळतोय, तुम्ही बघतो म्हणाला होतात. मग मुलाचा फोन आला होता, त्याच्या ऑफिसात काय काय झालं ते. मी पेपर वाचत होतो. हिच्याकडे विषयच नाहीत दुसरे. चष्मेवाली बघा! काल जळक्या छताकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला घरात ऊन हवं होतं ना? घ्या!"

आणि मुलगासुद्धा फोन करतो तो आईलाच. मला आपलं "बाबांना सांग". मी काय पोस्टाची पेटी आहे?

१० फेब्रुवारी, सोमवार

केलं काय आणि झालं काय!

मला वाटलं होतं, वेगळी राहून जरा कंटाळतील, चिडतील. तर ही दोघं रोज पट्टीबाहेर भेटायला लागली आहेत. ती बहिणीकडून डबा आणते. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून जेवतात. तो भाजीला नावं ठेवतो, ती त्याच्यापुढचा डबा काढून घेते, तो परत ओढतो. ऊन सरकलं की ती त्याला सावलीत सरकवते. "गोळी घेतलीत?" "घेतली." "खोटं!" — आणि पर्समधून गोळी काढून त्याच्या तळहातावर. कॉलेजातली पोरं चोरून भेटतात तसं चाललंय! आणि सोय कुणी करून दिली? मी!

पलीकडे उभा राहून बघत होतो. माझा डबा गाडीतच राहिला होता. हिने काय दिलं होतं तेही बघितलं नाही.

जाताना चष्मेवाली जवळ आली. म्हणाली, "साहेब, एक विनंती. वर मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. जळलं नाहीये, शेजारच्या गच्चीवरून खिडकीतून दिसतं. पण पाणी पडलंय त्याच्यावर. तेवढं काढू द्याल? मी वर जात नाही, तुमच्यापैकी कुणी आणलं तरी चालेल."

"ताबा दिल्याशिवाय वस्तू हलवता येत नाही," म्हटलं.

खोटं. असल्या वस्तू आम्ही पहिल्या दिवशीच काढून देतो. पाणी लागलेल्या मशीनला त्याच दिवशी पुसून तेल द्या, नाहीतर गंज धरतो, हे मीच दर घरी बजावून सांगतो. "बरं," म्हणाली आणि गेली. तिचं ते "बरं" दिवसभर डोक्यात आहे.

परतताना गाडी चालवता चालवता आमचा ड्रायव्हर तात्या म्हणाला, "साहेब, एक विचारू? एवढे दिवस गरम राहणारी भिंत मी नोकरीत पाहिली नाही. भिंत तापलीय का तुम्ही?"

तात्याला तोंड आवरत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. "ते चष्म्यांचं दुकान अजून आपल्या ताब्यात कसं? तुम्ही काय तिथे राहायला जाताय?" सगळे फिदीफिदी हसले. तात्या सर्वांत जास्त. उद्या म्हणजे उद्या ताबा द्यायचा.

मान खाली घालून "हो" म्हटलं. लाज वाटली, त्याहून जास्त चुटपुट लागली. परवापासून ती दोघं दिसणार नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिला ताबा.

दार मालकाने उघडायचं, ही माझी पद्धत. घरात मात्र आपण पुढे चालायचं. कुलूप धुराने धरलं होतं. चष्मेवाल्याला एकट्याला किल्ली फिरेना, मग तिने त्याच्या हातावर हात ठेवून किल्ली फिरवली. आत घेऊन गेलो. इथे छताखाली उभं राहू नका, ओलं प्लास्टर कधीही खाली येईल. बटणं दाबू नका, वायरमन येऊन बघेपर्यंत नाही. स्वयंपाकघरातलं बंद डब्यातलंसुद्धा खाऊ नका, टाकून द्या. जिन्याला भिंतीच्या कडेने चढा. दोघं शहाण्या मुलांसारखी माझ्यामागे, तो पुढे, तिचा हात त्याच्या सदऱ्याच्या टोकाला. हेही डोळ्यांत खुपलं! गुडघ्यामुळे धरला असेल, पण खुपलं.

मागच्या खोलीत गेलो आणि ती थेट मशीनकडे गेली. चाक फिरवलं. हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला. हलेना. सुईच्या वर, चाकाशी, सगळीकडे तांबडा गंज.

त्यानेही विनोद केला नाही. जिच्या तोंडाला विराम नाही ती बाई गप्प उभी राहिली तेव्हा ती खोली पहिल्यांदा मला जळकी वाटली.

मग ती त्याच्यावर घसरली. "तुम्ही साहेबांना नीट सांगितलं नाही! मी एकटीच विचारत राहिले."

"मग मी काय पाय धरायचे होते?"

"धरायचे! लग्नात माझ्या आईने दिलेलं मशीन होतं ते. तुमच्या दुकानाचं भाडं यावरच्या ब्लाउजांनी भरलंय एके काळी!"

"काढ, आता तेही काढ!"

आवाज चढले. तो खिडकीकडे तोंड करून उभा, ती भिंतीकडे. झालं ना माझ्या मनासारखं? आठवडाभर याचीच तर वाट बघत होतो. बघवेना. एवढ्या दिवसांत केलेलं एकमेव काम, दोघांना भांडायला लावलं!

मी म्हटलं, "तात्या, धर रे." दोघांनी मशीन उचलून खाली दुकानात आणलं. शटर उघडंच होतं, उजेड होता. गाडीतून बॅटरीचा दिवा, तेल, पक्कड, कापड घेतलं, जमिनीवर फतकल मारली आणि कामाला लागलो. चष्मेवाली शेजारी बसली. मी स्क्रू सैल करून द्यायचो, ती पुसायची, तो दिवा धरायचा. शांतता असह्य झाली म्हणून मीच सुरुवात केली.

कुठून आठवलं देव जाणे! आमच्या लग्नानंतरची गोष्ट सांगितली. एका खोलीतला संसार. मी नुकताच या खात्यात लागलेलो, छाती पुढे काढून चालायचो. एकदा हिने स्टोव्ह पेटवला आणि भडका उडाला. शिकवलं होतं ना, रॉकेलच्या आगीवर पाणी टाकू नये, ओलं पोतं टाकावं! तर मी काय करावं? बादली उचलली आणि भसकन ओतली. तीही स्टोव्हवर कमी, हिच्या अंगावर जास्त! भडका मोठा झाला, तो हिनेच पोतं टाकून विझवला. मग तशीच नखशिखांत ओलीचिंब माझ्याकडे वळली, मला सलाम ठोकला आणि म्हणाली, "साहेब, आग आटोक्यात!" आणि जी हसत सुटली! जमिनीवर बसून हसली. रात्री जेवताना मध्येच आठवून हसली. पुढे कितीतरी दिवस मी कामावर निघालो की दारात उभी राहून सलाम ठोकायची.

सांगताना उठून बादली ओतून दाखवली मी! चष्मेवाल्याच्या हातातला दिवा हलायला लागला. ती डोळे पुसत म्हणाली, "वहिनींना भेटायलाच हवं!" तात्या नुसता बघत राहिला. साहेबाला एवढं बोलताना त्याने कधी पाहिलं नव्हतं म्हणे.

चाक आधी केसभर हललं. मग अर्धं. मग कुरकुरत पूर्ण फिरलं. तिने टाळीच वाजवली. चष्मेवाला तिच्या नाकावरचा तेलाचा डाग पुसायला गेला आणि आणखी पसरवला. मिटलं त्यांचं. किती सहज मिटतं लोकांचं!

किल्ली दिली. "साहेब, तुमचे उपकार," म्हणाला. कसले उपकार! गंज माझ्यामुळेच होता, ते सांगायचं धाडस झालं नाही.

पट्टी गुंडाळून गाडीत बसलो. मागे वळून पाहिलं तर ती दोघं कोपऱ्यातली राख झाडायला लागलीसुद्धा होती. त्यांच्याकडे सगळं आहे. छप्पर सोडून सगळं. आणि मी? घरी आलो. "वाढू?" — "हं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ही काल तिथे आली होती.

आज चहा ठेवताना म्हणाली, "समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होते. त्या शर्टाच्या वासामुळे आले, आग कुठे लागली ते पेपरात वाचलं होतं, खोटं कशाला बोलू? तुमचं तसलं काही नाही, ते दिसलं मला. तिचा नवरा होता तिथे."

"कामच होतं," मी म्हटलं.

"बराच वेळ बघत होते. तुम्ही हातवारे करत होता. उठून काहीतरी ओतल्यासारखं करून दाखवलंत. सगळे हसले. तुम्हीसुद्धा." मग कपात चहा गाळत म्हणाली, "मला वाटायचं, तुमच्यातलं बोलणंच आटलंय. म्हणून मीही हळूहळू बंद केलं."

कप तिने तिथेच राहू दिला.

"घर जळलं की तुम्ही एवढं बोलता. मग आपलं जळायची वाट बघू का मी?"

ती आत आहे. आणि मी इथे बसून हे वहीला सांगतोय.

उठतो.