पिंपाची मागची बाजू

१२ मार्च

चि. भावोजींस,
अ. आ.

इथे सर्व ठीक. तुम्ही मागितलेली नमुन्याची बाटली सोबत पाठवली आहे. तुमच्या दादांनी जाण्यापूर्वी केलेल्या शेवटच्या पिंपातल्या वाईनची. त्या उन्हाळ्यात वेलींची पानंसुद्धा करपली होती, तुम्हाला आठवत असेल. पिंपावर त्यांनी खडूने लिहून ठेवलं आहे, दहा वर्षं प्यायची नाही. दोन होऊन गेली. पिंपातली आटते तेवढी मी आठवड्याला वरून दुसऱ्या वाईनची भर घालते, बाकी काही नाही. तुम्ही नाक मुरडणार हे ठाऊक आहे, तरी जपून मुरडा.

तब्येत सांभाळावी. माया आहेच.

तुमची,
वहिनी

२१ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

बाटली पोचली. सुंदर आहे. पण वहिनी, बनवायला मीच सापडलो का? पंधरा वर्षं प्रयोगशाळेत वाईनचा आंबटपणा मोजतो आहे. अशी आंबट धार त्या वर्षीच्या द्राक्षांत निघाली, तर मी मिशी काढीन. ही आधीच्या थंड वर्षातली आहे.

त्या उन्हात साखर धावत सुटली आणि आंबटपणा उतरला. सालीबियांचा तुरटपणा पिकायची वाटही पाहता आली नाही, तोडणी उरकावी लागली. अशी वाईन सुरुवातीला भरदार लागते, चढतेही लवकर, पण तिला तोल नसतो आणि टिकायला आंबटपणाचा आधार नसतो. तिसऱ्या वर्षानंतर ती सपक होईल. हे दादाला तोंडावर सांगितलं, तेव्हा त्याने मला प्रयोगशाळेतला पोपट म्हटलं आणि माझ्यासमोरच खडू उचलला.

तुम्ही दहा वर्षं थांबलात, तर त्याच्या हातची शेवटची वाईन कोणाच्याच ओठाला लागणार नाही. त्याची सवय आठवा. पिंपाच्या पुढच्या बाजूला लोकांसाठी लिहायचं, भिंतीकडच्या बाजूला खरं. मागे पाहिलंत का?

राग नसावा, असलाच तर पत्रातून कळवावा.

आपला,
पोपट

४ एप्रिल

चि. भावोजींस,
अ. आ.

बाटलीची लबाडी कबूल. त्यांच्या पिंपातलं थेंबभरही काढायला मन होईना.

मागच्या बाजूचं माझ्या लक्षात होतं. दोन वर्षं मुद्दाम पाहिलं नाही. तिथे काहीच लिहिलेलं नसलं तर, असं वाटायचं. तुमचं पत्र आलं आणि काल पिंपवाल्या मिस्त्रींना बोलावून पिंप फिरवून घेतलं. मागे त्यांचंच अक्षर. तीन वर्षं, फार तर. धाकटा बरोबर म्हणतो. त्याला सांगू नये.

मिस्त्रींनी विचारलं, बाई, हसताय की रडताय. मी म्हटलं, खडूची धूळ नाकात गेली.

त्यांनी सांगू नये म्हटलं आहे, म्हणून मी सांगत नाही. नुसतं लिहिते आहे. तुम्हीही वाचलं नाही असं दाखवा.

मग एक पेला काढला. आधी घशाला चटका, मग पिकल्या फळांची भरगच्च चव, आणि पुढे एकदम काही नाही. अगदी त्यांच्यासारखी. मोठमोठ्याने बोलायचं, मैफल रंगवायची आणि मध्येच उठून जायचं. पण रंगवलेली असते, भावोजी. मी दुसरा पेलाही घेतला.

तीन वर्षं भरायला जेमतेम महिना आहे. तुम्ही या महिन्यातच या, मिशीसकट. बरोबर ठरलात म्हणून फुशारकी मारायची असेल, तर ती पिंपासमोर उभं राहून मारा. ऐकणारा तिथेच आहे.

या वाईनचा लोभ तीन वर्षांचा. तुमचा मात्र पिंपाच्या पुढच्या बाजूला लिहिलाय तेवढा टिकावा.

तुमची,
वहिनी